डाग न देता

गिटारवाल्यांची एक तक्रार ठरलेली असते. ॲम्प चांगला आहे, आवाज गोड आहे, पण गेन कमी पडतो. स्वर धरून ठेवावा तर लवकर विझतो, दोन तारा एकदम छेडल्या तर हवी तशी भरीव गुरगुर उठत नाही. मग कुणीतरी जाणकार सुचवतो: आतला रेझिस्टर बदल, एखादा कपॅसिटर वाढव, पत्र्याला भोक पाडून जादा बटण बसव. हे सगळं करता येतं, आणि जगभरच्या गिटारवाल्यांनी केलेलंही आहे. त्या भरात कित्येक जुने, सुरेख ॲम्प कायमचे बिघडले, हेही तितकंच खरं.

यंदाच्या अंकासाठी संपादकांनी ‘आवाज’ हा विषय दिला, तेव्हा मला हाच प्रश्न घ्यावासा वाटला. ट्यूबवर, म्हणजे जुन्या रेडिओत असायचे तशा काचेच्या व्हॉल्व्हवर चालणाऱ्या गिटार-ॲम्पचा गेन आत कुठेही सोल्डरचा डाग न देता वाढवता येतो का? येतो, आणि एकाहून अधिक रीतींनी येतो. या रीती बघत हिंडताना माझं एक मत पक्कं झालं. जो बदल पाच मिनिटांत मागे घेता येतो, तोच आपण नीट ऐकतो. एकदा डाग दिला की माणूस आपण केलेल्या कामाची बाजू घेऊन ऐकायला लागतो.

आधी गेन म्हणजे काय ते बघू. गिटारच्या पिकअपमधून, म्हणजे तारांखालच्या चुंबक-गुंडाळीतून, निघणारा संकेत इवलासा असतो, साधारण व्होल्टच्या दहाव्या हिश्शाचा. जोरात वाजवलं तर त्याहून बराच मोठा. ॲम्पमधली पहिली ट्यूब त्याला कित्येक पटींनी वाढवते, पुढची आणखी वाढवते, आणि शेवटच्या मोठ्या ट्यूबा त्यात स्पीकर हलवण्याची ताकद भरतात. प्रत्येक ट्यूबला आपली मर्यादा असते. संकेत त्या मर्यादेपलीकडे गेला की लाटेचा माथा कापला जातो आणि त्या कापण्यातून मूळ स्वरात नसलेले वरचे उपस्वर तयार होतात. मिरजेचा कारागीर तानपुऱ्याची जवारी लावतो, घोडीवर तारेखालचा सुताचा धागा केसभर पुढे-मागे सरकवत तारेला उपस्वरांनी भरून टाकतो. ट्यूबची गुरगुर त्याच जातीची आहे. तारेचा स्वर तोच राहतो, त्याच्यावर उपस्वरांचा थर चढतो.

त्यामुळे गेन आणि आवाजाची मोठाई या दोन गोष्टी वेगळ्या ठेवाव्या लागतात. मोठाई शेवटच्या ट्यूबांवर आणि स्पीकरवर ठरते. सुरुवातीच्या ट्यूबा किती लवकर मर्यादा ओलांडतात, ते गेनवर ठरतं. घरात दार लावून वाजवणाऱ्या मुलाला गेन हवा असतो, मोठाई नको असते. नेमकी इथेच गफलत होते.

हॅनवेलचं दुकान

लंडनच्या पश्चिमेला हॅनवेल नावाच्या भागात जिम मार्शल या ड्रमवादकाने १९६० मध्ये वाद्यांचं दुकान काढलं. तो ड्रम शिकवायचाही. ड्रम शिकायला येणाऱ्या पोरांबरोबर त्यांच्या बँडमधले गिटारवादक येऊ लागले आणि तेही तिथेच रेंगाळू लागले. पीट टाउनशेंड, रिची ब्लॅकमोर, बिग जिम सुलिव्हन ही त्यातली पुढे गाजलेली नावं. त्यांचं गाऱ्हाणं असं की अमेरिकेतून येणारे फेंडर ॲम्प महाग आहेत, आणि मिळाले तरी त्यांना हवा तो आवाज त्यातून निघत नाही.

१९६२ मध्ये दुकानातला दुरुस्तीचं काम बघणारा केन ब्रॅन आणि डडली क्रेव्हन नावाचा तरुण यांनी फेंडरचा बासमन हा ॲम्प समोर ठेवून जवळपास तसाच ॲम्प बांधला. तोच जेटीएम ४५. सर्किट बहुतांशी तेच होतं. बदललं ते साहित्य. इंग्लंडात मिळणारे ट्रान्सफॉर्मर आले, उघड्या पाठीच्या पेटीतल्या दहा इंची स्पीकरांच्या जागी बंद पेटीत सेलेस्टियनचे बारा इंची स्पीकर आले. आणि पहिल्या ट्यूबच्या जागी फेंडर वापरत असे ती १२एवाय७ न बसवता ईसीसी८३ बसवली.

ईसीसी८३ हे युरोपातलं नाव. अमेरिकेत तिलाच १२एएक्स७ म्हणतात. दोन्ही ट्यूबांना नऊच पिना, बैठक एकच, तापायला लागणारं व्होल्टेज तेच. फरक वर्धनक्षमतेत. १२एवाय७ ची ४५ च्या आसपास, १२एएक्स७ ची १००. संकेत पहिल्याच पायरीवर जास्त वाढला की पुढच्या सगळ्या ट्यूबांवर जास्त जोर पडतो आणि ॲम्प लवकर गुरगुरायला लागतो. एरिक क्लॅप्टनने १९६६ मध्ये जॉन मेयॉलबरोबर जी प्रसिद्ध ध्वनिमुद्रिका केली, ती याच घराण्यातल्या मार्शल कॉम्बोवर (ॲम्प आणि स्पीकर एकाच पेटीत), त्याचा आवाज भरपूर वाढवून.

मार्शलच्या त्या आवाजामागे बऱ्याच गोष्टी आहेत. स्पीकर आहेत, ट्रान्सफॉर्मर आहेत, त्या पोरांचे हातही आहेत. पण त्यातली एक गोष्ट अशी आहे की पहिल्या जागी १२एवाय७ असलेल्या कुठल्याही जुन्या धाटणीच्या फेंडरवर ती कुणालाही, काहीही न उघडता करून बघता येते. मागच्या बाजूने एक ट्यूब उपसायची, दुसरी बसवायची. पटलं नाही तर पहिली परत.

तपकीर गल्लीपासून जवळच

पुण्यात बुधवार पेठेतल्या तपकीर गल्लीत वायरी, स्विच, कपॅसिटर, ट्रान्सफॉर्मर असं सगळं मिळतं. तिथून चालत जाण्याच्या अंतरावर एका जुन्या वाड्याच्या पहिल्या मजल्यावर मला ज्यांना भेटायचं होतं ते काका बसतात. त्यांनी कामाची सुरुवात व्हॉल्व्हच्या रेडिओंपासून केली, मग टेपरेकॉर्डर आले, टीव्ही आले, आणि आता उतारवयात त्यांच्याकडे पुन्हा व्हॉल्व्हच यायला लागले आहेत, गिटारच्या ॲम्पमधून. फळीवर भारत इलेक्ट्रॉनिक्सच्या बंगळुरूच्या कारखान्यात बनलेल्या जुन्या ईसीसी८३ खोक्यांत ठेवलेल्या आहेत. तो कारखाना एकेकाळी देशभरच्या रेडिओंना ट्यूबा पुरवायचा.

त्या दिवशी त्यांच्याकडे इंजिनिअरिंगचा एक मुलगा फेंडरचा ब्लूज ज्युनिअर घेऊन आला होता. मामाने अमेरिकेहून आणलेला, त्यामुळे १२० व्होल्टचा. सोबत स्टेप-डाऊन ट्रान्सफॉर्मरचं जड धूड. त्याचा बँड फिरोदिया करंडक स्पर्धेतल्या नाटकात वाजवणार होता. त्याची मागणी सरळ होती. “काका, गेन वाढवून द्या. पण आत काही करू नका, मामा म्हणालाय शिकून झालं की हा त्याला परत हवाय.”

काकांनी स्क्रू-ड्रायव्हरला हात लावला नाही. “आधी वाजव,” म्हणाले.

मुलाने वाजवलं. काका सगळी बटणं बघत राहिले. ब्लूज ज्युनिअर पंधरा वॅटचा. त्यावर दोन बटणं महत्त्वाची आहेत, व्हॉल्यूम आणि मास्टर. व्हॉल्यूम सुरुवातीच्या ट्यूबांना किती संकेत जाणार ते ठरवतं, मास्टर शेवटच्या ट्यूबांना किती जाणार ते. मुलाने मास्टर पूर्ण उघडलं होतं आणि शेजाऱ्यांच्या भीतीने व्हॉल्यूम तीनावर ठेवलं होतं. काकांनी उलटं केलं. व्हॉल्यूम पूर्ण, मास्टर दोनच्या जरा वर. मग ‘फॅट’ लिहिलेलं छोटं बटण दाबलं, मधल्या स्वरांचं बटण शेवटपर्यंत फिरवलं.

“आता?”

मुलाने तोच कॉर्ड छेडला. मोठाई मघाइतकीच, किंबहुना थोडी कमी. पण तारा आता गुरगुरत होत्या. मुलगा काही बोलला नाही, पुन्हा पुन्हा तोच कॉर्ड वाजवत राहिला.

मधल्या स्वरांच्या बटणाचं काय, ते काकांनी मला कागदावर काढून दाखवलं. बास, मिडल, ट्रेबल ही बटणं जुन्या पद्धतीच्या ॲम्पमध्ये काहीही वाढवत नाहीत. ती फक्त कमी करतात. एका ट्यूबने मेहनतीने मोठा केलेला संकेत या तीन बटणांच्या जाळ्यातून जाताना मोठ्या प्रमाणात गळतो, आणि गिटारचा प्राण असलेले मधले स्वर त्यात सर्वांत जास्त जातात. बटणं वर नेणं म्हणजे ही गळती कमी करणं. पुढच्या ट्यूबला जास्त संकेत मिळतो, म्हणजे गेन वाढतोच. फुकटात.

असा फुकटचा गेन आणखीही असतो. बऱ्याच जुन्या फेंडरला एका चॅनलसाठी दोन जॅक असतात, १ आणि २. क्रमांक दोनच्या जॅकमध्ये पिन घातली की संकेत आतच निम्मा होतो. एका जॅकमधून दुसऱ्यात पिन हलवली की दुप्पट. कितीतरी जण वर्षानुवर्षं दुसऱ्या जॅकमध्ये वाजवतात, तो रिकामा दिसला म्हणून. मार्शलच्या चार जॅकवाल्या ॲम्पवर तर वीतभर वायर घेऊन एका चॅनलचा मोकळा जॅक दुसऱ्या चॅनलला जोडतात, दोन्ही चॅनलचे आवाज एकमेकांत मिसळतात. फेंडरच्या रिव्हर्बवाल्या दोन-चॅनल ॲम्पवर मात्र हा प्रयोग फसतो. एका चॅनलमध्ये एक ट्यूब-पायरी जास्त असल्याने दोन्हीकडचे संकेत उलट-सुलट येतात आणि एकमेकांना खातात, आवाज जाडा होण्याऐवजी पोकळ होतो.

गिटारकडेही बघावं लागतं. पिकअप तारांपासून किती खाली बसवलं आहे ते दोन स्क्रूंवर असतं. मुलाचं फारच खाली गेलं होतं. काकांनी ते थोडं वर घेतलं, आणि लगेच थांबले. अजून वर नेलं तर चुंबक तारेला ओढायला लागतो, जाड तारांचा स्वर हेलकावे खातो आणि गिटार सुरात लागत नाही.

एक ट्यूब काढून दुसरी

ब्लूज ज्युनिअरमध्ये ट्यूब बदलून गेन वाढणार नव्हता. त्यातल्या तिन्ही छोट्या ट्यूबा १२एएक्स७ च आहेत, आणि त्या बैठकीत बसणाऱ्या नेहमीच्या ट्यूबांमध्ये याहून जास्त वर्धनक्षमतेची मिळत नाही. ट्यूब जुनी होऊन थकली असेल तर नवी बसवल्यावर फरक कळतो, एवढंच. ट्यूब बदलून गेन वाढवण्याचा कारभार बघायला मी कोथरूडमधल्या एका निवृत्त अभियंत्यांकडे गेले. त्यांनी फेंडरच्या १९५० च्या दशकातल्या ट्वीड डीलक्सचं सर्किट घेऊन तसा ॲम्प स्वतः बांधला आहे, ट्रान्सफॉर्मर मात्र आपल्या २३० व्होल्टचा.

ट्वीड डीलक्समध्ये पहिली ट्यूब १२एवाय७. त्यांनी आधी तिच्यासह वाजवून दाखवलं. मऊ, उबदार आवाज, व्हॉल्यूम निम्म्यावर जाईपर्यंत स्वच्छ. मग ॲम्प बंद केला, भिंतीतला प्लग काढला आणि आम्ही चहा घेतला. ही वाट बघणं कामाचा भाग आहे. ट्यूब गरम असते, बोट भाजतं, आणि घाईत वाकडी ओढली तर काचेच्या बुडाशी पिनांजवळ तडा जातो. थंड झाल्यावर त्यांनी ट्यूब सरळ खाली ओढून काढली. नऊ पिना गोलात असतात आणि एका जागी अंतर जास्त असतं. नव्या ट्यूबचं ते अंतर बैठकीतल्या अंतरासमोर आणून हलक्या हाताने दाबायचं. बसत नसेल तर जोर करायचा नाही, पुन्हा फिरवून बघायचं.

१२एएक्स७ बसली. त्याच निम्म्या व्हॉल्यूमवर आता गुरगुर होती. मी विचारलं, आकड्यात किती? त्यांनी वहीत मांडून दाखवलं. नुसत्या १०० आणि ४५ या आकड्यांकडे बघून फरक दुपटीहून जास्त वाटतो. प्रत्यक्षात या सर्किटमध्ये १२एएक्स७ संकेत साधारण साठ पटींनी वाढवते आणि १२एवाय७ सुमारे पस्तीस पटींनी, कारण ट्यूबच्या अंगचा अवरोधही हिशेबात येतो. म्हणजे वाढ पावणेदोन पटीच्या आत. कानाला मात्र ती मोठी वाटते, कारण ती ॲम्पला स्वच्छ आवाजाच्या कडेवरून पलीकडे ढकलते.

मधल्या पायऱ्याही आहेत. ५७५१ ची वर्धनक्षमता ७०, १२एटी७ ची ६०. काही जण उलट दिशेने जातात. मार्शलच्या पहिल्या जागी ५७५१ बसवून गेन कमी करतात, आणि आश्चर्य म्हणजे आवाज त्यांना जास्त आवडतो.

या छोट्या ट्यूबा निर्धास्तपणे बदलता येतात, कारण त्या आपला तोल स्वतः सांभाळतात, त्यांना बायस, म्हणजे ट्यूबमधून किती प्रवाह वाहावा ते, जुळवावा लागत नाही. शेवटच्या मोठ्या ट्यूबांचं तसं नाही. त्या बदलताना बहुतेक ॲम्पमध्ये बायस तपासावाच लागतो, आणि भलत्या प्रकारची ट्यूब बसवली तर ट्रान्सफॉर्मर जळू शकतो. पत्र्याची पेटी उघडायचा विचारही नवख्याने करू नये. आतल्या कपॅसिटरांमध्ये तीनशे-चारशे व्होल्ट साठलेले असतात आणि प्लग काढल्यावरही ते बराच वेळ राहतात. आणखी एक नियम काका आणि हे अभियंते दोघांनीही मला स्वतंत्रपणे सांगितला: स्पीकर जोडल्याशिवाय ट्यूब ॲम्प कधीही चालू करायचा नाही. आउटपुट ट्रान्सफॉर्मर त्यात मरतो.

एका ट्रान्झिस्टरची डबी

ट्यूब बदलण्याचा रस्ता बंद असेल तर ॲम्पच्या पुढे, गिटार आणि जॅक यांच्या मध्ये काहीतरी ठेवायचं. त्याचा उगम बघण्यासारखा आहे. न्यूयॉर्कमध्ये माइक मॅथ्यूज नावाचा माणूस बॉब मायर या अभियंत्याकडून स्वर लांबवणारं एक यंत्र करून घेत होता. गिटारचा संकेत फार लहान म्हणून मायरने त्या यंत्राच्या आधी एक साधा बूस्टर लावला होता, एका ट्रान्झिस्टरचा. मॅथ्यूजने तो बूस्टर एकटाच ॲम्पला लावून वाजवला आणि मूळ यंत्र बाजूला राहिलं. १९६८ मध्ये तो एलपीबी-१ या नावाने बाजारात आला. तेच मॅथ्यूज पुढे रशियात साराटोव्हच्या ट्यूब-कारखान्याचे मालक झाले. आज दुकानात मिळणाऱ्या १२एएक्स७ पैकी बऱ्याच तिथल्या असतात. २०२२ मध्ये रशियाने निर्यात थांबवली तेव्हा जगभरचे गिटारवाले ट्यूबा साठवायला धावले होते.

इंग्लंडात त्याआधीच डॅलस रेंजमास्टर निघाला होता. ॲम्पवर ठेवायची डबी, आत ओसी४४ हा एकच जर्मेनियम ट्रान्झिस्टर. खालचे स्वर आत येतानाच कमी करून तो वरचे आणि मधले स्वर ढकलतो. रोरी गॅलघरने तो व्हॉक्स एसी३०च्या पुढे लावला, टोनी आयोमीने लेनी ॲम्पच्या पुढे. ब्रायन मेचा सगळा आवाज ट्रेबल-बूस्टर आणि एसी३० यांच्या जोडीवर उभा आहे. हेवी मेटलचा पाया घालणारा आयोमीचा आवाज एका ट्रान्झिस्टरच्या धक्क्याने निघाला, हे मला आजही थक्क करतं.

काकांनी मुलासाठी अशीच एक डबी काढली. सिलिकॉन ट्रान्झिस्टर, चार रेझिस्टर, दोन कपॅसिटर, एक बटण, नऊ व्होल्टची बॅटरी. ती लावायच्या आधी त्यांनी त्याला समजावलं. पहिल्या ट्यूबच्या ग्रिडला, म्हणजे संकेत आत घेणाऱ्या टोकाला, साधारण दीड व्होल्टपर्यंतचा संकेत सोसतो. गिटारमधून येतो व्होल्टचा दहावा-पाचवा हिस्सा. डबीने तो दहापट केला की दोन व्होल्टपर्यंत जातो, आणि जी पहिली ट्यूब एरवी कधीच मर्यादा ओलांडत नाही तीही ओलांडते. “म्हणजे ॲम्पचा स्वभाव तोच. आपण त्याला जरा लवकर चिडवतोय.”

डबी लावली. आता मुलाच्या बोटाखाली स्वर टिकत होता. काकांनी त्याला गिटारवरचं व्हॉल्यूम निम्मं करायला लावलं. आवाज पुन्हा स्वच्छ. पुन्हा पूर्ण, पुन्हा गुरगुर. त्याने कधी गिटारवरचं बटण वापरलंच नव्हतं. बराच वेळ तो तेच करत बसला, एक हात तारांवर, करंगळी बटणावर.

बाजारातल्या पेडलांचंही तेच सूत्र आहे. एमएक्सआर मायक्रो ॲम्प २६ डेसिबलपर्यंत, म्हणजे वीस पट, संकेत वाढवतो. आयबानेझचा ट्यूब स्क्रीमर हे खरं तर स्वतः डिस्टॉर्शन करणारं पेडल, पण ट्यूब ॲम्पवाले त्याचं ड्राइव्हचं बटण जवळपास शून्यावर ठेवतात आणि लेव्हल पूर्ण उघडतात. ते खालचे स्वर छाटतं, मधले पुढे आणतं आणि ॲम्पला ढकलतं. ज्या ॲम्पना मुळातच भरपूर गेन आहे, त्यांच्यापुढेही मेटल वाजवणारे ते लावतात, आवाज घट्ट व्हावा म्हणून. मात्र इफेक्ट्स लूप, म्हणजे सुरुवातीच्या ट्यूबांनंतर पेडल जोडायची सोय, असलेल्या ॲम्पच्या लूपमध्ये बूस्टर लावला तर बहुतेक वेळा फक्त मोठाई वाढते. गेनसाठी तो पुढेच हवा.

डिमरस्टॅट

इंजिनिअरिंगच्या प्रयोगशाळेत ज्यांनी दिवस काढले त्यांना डिमरस्टॅट ठाऊक असतो. वरचं गोल बटण फिरवून शून्यापासून हवं तेवढं व्होल्टेज काढून देणारा ट्रान्सफॉर्मर. अमेरिकेत त्याला व्हॅरिॲक म्हणतात. एडी व्हॅन हेलनने १९७८ साली आलेल्या पहिल्या अल्बमचा आवाज मार्शलला व्हॅरिॲक जोडून मिळवला. सुरुवातीच्या मुलाखतींत त्याने व्होल्टेज वाढवतो असं सांगितलं, आणि ते ऐकून अनेकांनी आपले ॲम्प जाळून घेतले. खरं तर तो व्होल्टेज ९० च्या आसपास उतरवत असे. व्होल्टेज उतरलं की ट्यूबांची मर्यादा खाली येते, त्यामुळे सगळी बटणं पूर्ण उघडून कमी मोठाईत तशीच गुरगुर मिळते.

गेन यात वाढत नाही. मर्यादा जवळ येते, म्हणून गेन वाढल्यासारखा भास होतो. शिवाय ट्यूब तापवणाऱ्या तारेचं व्होल्टेजही सोबत उतरतं आणि ट्यूब अर्धवट तापून राहते, ते तिच्या तब्येतीला बरं नाही. प्रयोगशाळेतला डिमरस्टॅट घरी आणून असं करू बघणाऱ्या मुलांना मी कळकळीने सांगेन, करू नका. आपल्याकडचा २३० व्होल्टचा डिमरस्टॅट एका धक्क्यात वर फिरला तर १२० व्होल्टच्या अमेरिकन ॲम्पचं आयुष्य तिथेच संपतं.

गेनची किंमत

गेन गिटारच्या स्वराबरोबर बाकी सगळंही वाढवतो. एका गुंडाळीचं पिकअप आसपासचं ५० हर्ट्झचं गुणगुणणं पकडतं, आणि मंडपातले डिमर, चोकवाल्या ट्यूबलाइट, एकाच बोर्डावर लावलेली दहा यंत्रं यांतून ते भरपूर मिळतं. बूस्टर लावला की ते दहापट होऊन येतं. काकांनी मुलाला डबी बॅटरीवरच चालवायला सांगितलं, ॲडॅप्टर लावू नकोस म्हणाले. ॲडॅप्टरची खरखर बूस्टरच्या आधी शिरते आणि मग ती काढता येत नाही. गेन जास्त झाला की ट्यूबही बोलायला लागते. पेन्सिलने हलकेच टिचकी मारली आणि स्पीकरमधून टण् असा आवाज आला, तर ती ट्यूब पहिल्या जागेच्या कामाची नाही. ती छोट्या ट्यूबांमधल्या शेवटच्या, कमी नाजूक जागी टाकायची आणि तिथली इकडे आणायची. हाही डाग न देता होणारा उपाय.

आणि बँडमध्ये वाजवताना गेन जितका जास्त, तितकी गिटार मागे जाते, हे बहुतेकांना उशिरा कळतं. उपस्वरांचा थर इतका दाट होतो की छेडण्याचा ठसाच उरत नाही, ड्रमची झांज आणि गिटार एकमेकांत मिसळून जातात. एकट्याने खोलीत वाजवताना जो गेन पुरेसा वाटतो, त्याहून थोडा कमी रंगमंचावर हवा असतो. मुलाच्या तालमीला मी गेले तेव्हा डबीवरचं बटण त्याने निम्म्याच्याही खाली आणलेलं होतं.

नील यंगचे मोटरीवाले हात

डाग न देण्याच्या बाबतीत टोकाला गेलेला माणूस म्हणजे गायक-गिटारवादक नील यंग. त्याने १९६७ मध्ये लॉस एंजेलिसमधल्या दुकानातून १९५९ चा ट्वीड डीलक्स विकत घेतला. त्याच मॉडेलचे इतर ॲम्पही नंतर त्याच्याकडे आले, पण वाजवायला तो हाच घेतो.

रंगमंचावर त्याला एका गाण्यात गेन कमी हवा, दुसऱ्यात खूप, तिसऱ्यात त्याहून जास्त. दुसऱ्या कुणी बूस्टर लावला असता किंवा आत जादा ट्यूब-पायरी घातली असती. त्याने ॲम्पवर बसणारी एक पेटी करून घेतली, तिला व्हिझर म्हणतात. तिच्यातल्या छोट्या मोटरी ॲम्पची बटणं प्रत्यक्ष फिरवतात. पायाने बटण दाबलं की मोटर व्हॉल्यूम ठरलेल्या जागी नेते, दुसरं दाबलं की दुसरीकडे.

एवढा खटाटोप कशासाठी, हे मला कोथरूडच्या त्या घरात, खऱ्या बटणांवर बोट ठेवल्यावर कळलं. ट्वीड डीलक्सला दोन चॅनलची दोन व्हॉल्यूम बटणं आहेत आणि ती एकमेकांत गुंतलेली आहेत. ज्या चॅनलला गिटार जोडलेलीच नाही, त्याचं बटण फिरवलं तरी वाजणाऱ्या चॅनलचा आवाज बदलतो, कधी गेन हलतो, कधी वरचे स्वर. अभियंत्यांनी तारांवर एकच स्वर धरला आणि मला रिकाम्या चॅनलचं बटण हळूहळू फिरवायला सांगितलं. पाचाच्या पुढे तो स्वर बारीक व्हायला लागला, आठाच्या पुढे भलताच झाला. तिसरं टोनचं बटण या दोघांशी वेगळं भांडतं. या तिघांच्या प्रत्येक जोडणीला वेगळा आवाज आहे, आणि तो कुठल्याही पेडलने ॲम्पच्या बाहेरून मिळत नाही. तो बटण फिरवूनच मिळतो. म्हणून त्या ॲम्पवर मोटरी बसल्या. व्हिझर उचलून बाजूला ठेवला की तीच बटणं कुणालाही हाताने फिरवता येतात.